पडद्यावर बोट ठेवण्यासाठी: स्क्रीनशॉटचं साधन कसं निवडाल?

समग्र आयडीची ई-केवायसी, खसरा आणि बी-१ची नक्कल, वडिलांच्या नावावरची जमीन मुलांच्या नावे करण्यासाठी नामांतरणाचा अर्ज, पेन्शनसाठी हयातीचा दाखला. मध्य प्रदेशातल्या धार आणि देवासच्या मराठी घरांतली ही कामं आता संगणकावर होतात, आणि पुष्कळ घरांत ती दोन गावांतून मिळून होतात. कागद देवासला आईजवळ, अर्ज भरणारी मुलगी पुण्यात; पोर्टल हिंदीत, बोलणं मराठीत. "वर उजवीकडे बघ, निळं बटण दिसतंय का?" असं फोनवर अर्धा तास बोलून जे साधत नाही, ते स्क्रीनशॉटवर एक बाण काढून पाठवला की लगेच साधतं.

याच घरांत आणखी एक काम चालतं. माळ्यावरच्या पेट्यांतून मोडीतले कागद निघतात. धारचं पवारांचं संस्थान आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीची दोन संस्थानं यांचा बराचसा जुना कारभार मोडीत चालला, त्यामुळे सनदा, हिशेब, वाटण्या, घरगुती पत्रं यांचे गठ्ठे अजून सापडतात. नातवंडं त्यांचे फोटो काढतात, संगणकावर उघडतात आणि न लागलेली जागा मोडी वाचणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारतात. तिथेही स्क्रीनशॉटच लागतो, आणि त्यावर खूण करावी लागते.

या दोन्ही कामांसाठी "कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" असं विचारलं जातं तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात बहुधा चित्र टिपण्याची सोय असते. ती तर तुमच्या संगणकात आधीपासूनच आहे, कोणताही संगणक असो. साधनांमधला खरा फरक पुढे दिसतो. टिपलेल्या चित्रावर क्रमांक टाकता येतात का, मराठी अक्षरं नीट उमटतात का, आणि जे दुसऱ्याला दिसू नये ते पुरतं झाकता येतं का, या तीन गोष्टी बघून साधन निवडा. त्यातही तिसरी गोष्ट सगळ्यांत आधी बघा.

टिपण्याच्या कळा एकदा सांगून टाकतो. विंडोज १० आणि ११वर विंडोजची कळ, शिफ्ट आणि एस एकत्र दाबलं की पडदा मंद होतो आणि हवा तेवढाच भाग ओढून निवडता येतो. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबलं तर फक्त समोरची खिडकी टिपली जाते. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ४ने भाग निवडता येतो; त्यानंतर स्पेसबार दाबला तर अख्खी खिडकी येते. २०१८च्या मोहावीपासून कमांड, शिफ्ट आणि ५ने सगळे पर्याय एका पट्टीत समोर येतात. उबंटूसारख्या लिनक्सवर प्रिंट स्क्रीनची कळ पुरते. पडद्यावर खाली लांबत जाणारं पान असेल, म्हणजे खसऱ्याची लांबलचक यादी किंवा अर्जाचं मोठं पान, तर या कळांच्या मागे लागू नका. फायरफॉक्समध्ये पानावर उजवी कळ दाबून स्क्रीनशॉट निवडा, मग पूर्ण पान. हे विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर सारखंच चालतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: असा स्क्रीनशॉट घरच्या माणसाला समजावण्यापुरता. तहसीलमध्ये प्रमाणित नक्कलच लागते.

आधी झाकायचं कसं ते पाहू

या कामांतल्या जवळजवळ प्रत्येक पडद्यावर काहीतरी खाजगी असतं. समग्रचा परिवार आयडी आठ अंकी, सदस्य आयडी नऊ अंकी, आधार बारा अंकी. शिवाय बँकेचं खातं, मोबाईल क्रमांक, आईची जन्मतारीख. घरच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलेला स्क्रीनशॉट तिथून कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही. मदत मागताना तो परक्या माणसाकडेही जातो. म्हणून झाकणं हे कामाचं मुख्य अंग समजा.

अंक धूसर करणं किंवा त्यांचे मोठे चौकोन करणं हे झाकणं नव्हे. बहुतेक साधनांत ही सोय दिलेली असते आणि दिसायलाही ती छान दिसते, पण धूसर केलेल्या भागात मूळ आकाराचा मागमूस उरतो. २०२०मध्ये डीपिक्स नावाचं साधन आलं आणि २०२२मध्ये अनरिडॅक्टर आलं. चौकोन-चौकोन केलेल्या मजकुरातून मूळ अक्षरं परत काढता येतात हे दोघांनी उघडपणे दाखवून दिलं. अंकांच्या बाबतीत तर हे आणखी सोपं. पडद्यावरचा फाँट ठरलेला, प्रत्येक जागी शक्यता फक्त दहा; एकेक अंक धूसर करून ताडून पाहिला की झालं. त्यामुळे भरीव काळी चौकट हाच एक मार्ग. काळ्या मार्करची रेघही नको. पुष्कळ साधनांत, विशेषतः फोनवर, ती अर्धपारदर्शक असते आणि चित्राची उजळता वाढवली की खालचे अंक डोकावतात.

चौकट भरीव असली तरी ती चित्रात मुरली पाहिजे. वर्डमध्ये चित्र चिकटवून त्यावर काळा चौकोन ठेवला आणि ती फाइलच पाठवली, तर समोरचा माणूस चौकोन उचलून बाजूला करू शकतो. वर्डमध्येच चित्र कापलं तर कापलेला भागही फाइलमध्ये तसाच राहतो. तो काढून टाकायचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. पीडीएफवर टीप म्हणून काढलेल्या चौकटीचंही तेच. मॅकच्या प्रीव्ह्यूमध्ये २०२०च्या बिग सरपासून पीडीएफसाठी खास झाकण्याचं साधन आहे, ते खालचा मजकूर खरोखर काढून टाकतं. पीडीएफ असेल तर तेच वापरा. चित्र असेल तर चौकट काढून पीएनजी म्हणून साठवा, म्हणजे चौकट आणि चित्र एकच होतात.

चित्र कापण्यातही एकदा मोठा धोका निघाला होता. मार्च २०२३मध्ये सायमन एरन्स आणि डेव्हिड बुकॅनन यांनी गूगल पिक्सेल फोनच्या मार्कअपमधला एक दोष उघड केला. कापलेलं चित्र जुन्याच फाइलवर साठवलं की नवा, लहान मजकूर सुरुवातीला लिहिला जाई, पण जुन्या फाइलची शेपटी तशीच मागे राही, आणि तिच्यातून कापून टाकलेला बराच भाग परत मिळवता येई. काही दिवसांतच विंडोज ११चं स्निपिंग टूल आणि विंडोज १०चं स्निप अँड स्केच यांतही हाच दोष सापडला. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. योगायोग असा, की मध्य प्रदेशात लाडली बहना योजनेचे अर्ज २५ मार्च २०२३पासून भरायला सुरुवात झाली होती आणि त्यासाठी समग्र आयडी लागत होता. त्या सुमाराला किंवा त्याआधी टिपून, कापून, त्याच नावाने साठवलेली चित्रं तुमच्याकडे असतील, तर ती आता पुढे पाठवू नका. हवी असतील तर उघडून नव्याने टिपा. आजही सवय अशी ठेवा, की कापलेलं चित्र नव्या नावाने साठवायचं.

आणि झाकताना नजर फक्त मुख्य क्रमांकावर नको. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत अर्ज क्रमांक असतो, टॅबवर नाव असतं, कोपऱ्यात ओटीपीची सूचना उगवलेली असते. आधार कार्डाच्या चित्रावरचा क्यूआर कोड लोक तसाच सोडतात; त्यात नाव-पत्ता भरलेला असतो. शक्य असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधारच यूआयडीएआयकडून उतरवून घ्या, म्हणजे झाकायची वेळच येत नाही.

विंडोज

आपल्याकडे घरात, दुकानात, एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवर बहुतेक ठिकाणी विंडोजच असतं, म्हणून याबद्दल जरा विस्ताराने सांगतो.

विंडोज ११चं स्निपिंग टूल साध्या कामाला पुरेसं आहे. पेन आहे, हायलायटर आहे, आकार आहेत, कापता येतं, तीन, पाच किंवा दहा सेकंद थांबून टिपता येतं. हे थांबणं मोलाचं. उघडलेली यादी किंवा मेनू दाखवायचा असेल तर त्याशिवाय जमत नाही, कारण कळ दाबताच मेनू मिटतो. चित्रातला मजकूर ओळखून ईमेल आणि फोन क्रमांक आपोआप झाकण्याचीही सोय त्यात आली आहे, पण ती या दोन गोष्टींसाठीच आहे. आधार किंवा समग्र क्रमांक तिच्या भरवशावर सोडू नका. पायऱ्यांचे क्रमांक एकामागून एक टाकत जाण्यासाठी हे साधन बनलेलं नाही, हीच त्याची खरी उणीव.

काहीही बसवायचं नसेल, किंवा संगणक दुसऱ्याचा असेल, तर स्निपिंग टूलने टिपून ते पेंटमध्ये चिकटवा. पेंटमध्ये भरीव चौकट आहे, मजकुराचं साधन आहे, निर्मला यूआय फाँट निवडला की मराठी स्वच्छ उमटतं, आणि पीएनजी साठवलं की सगळं एकजीव होतं. पेंटला जुनाट समजून लोक टाळतात. मी वयस्क मंडळींना हाच मार्ग शिकवतो, कारण यातली प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसते.

हे काम नेहमीचं असेल तर ग्रीनशॉट बसवा. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, जुन्या संगणकालाही जड होत नाही, आणि त्यात क्रमांकाचं साधन आहे: एकदा टिचकी मारली की १, पुढे टिचकी मारली की २. अर्ज समजावताना या आकड्यांचं महत्त्व फार. "१ इथे आयडी टाका, २ इथे कॅप्चा, ३ हे बटण" असं चित्रावर असलं की फोनवर बोलताना दोघं एकाच जागेकडे बघतात. ग्रीनशॉटचं झाकण्याचं साधन चौकोन-चौकोन करतं, ते वापरू नका; भरीव रंग दिलेली चौकट वापरा.

शेअरएक्सही मोफत आणि मुक्तस्रोत आहे, फक्त विंडोजसाठी. लांब पान सरकवत टिपणं, क्रमांक, बाण, नाना प्रकारच्या सोयी त्यात आहेत. ज्याला सेटिंगमध्ये रमायला आवडतं त्याच्यासाठी ते उत्तम. आई-वडिलांच्या संगणकावर मात्र मी ते बसवणार नाही. नावाप्रमाणेच ते चित्र इंटरनेटवर चढवण्याच्या दृष्टीने घडवलेलं आहे. बसवल्याबरोबर 'टिपल्यानंतरची कामं' या यादीत जाऊन चढवण्याचा पर्याय बंद आहे ना, हे स्वतः पाहा. लाइटशॉटच्या बाबतीतही हेच: चढवण्याच्या बटणाला हात लावू नका. त्यावरून चढवलेल्या चित्राच्या दुव्याच्या शेवटी सहाच अक्षरं असत, आणि अशी अक्षरं अंदाजाने घालून परक्यांची चित्रं पाहणारे लोक निघाले. ज्या चित्रात कुणाचा क्रमांक आहे ते दुव्याच्या रूपाने कुठेही ठेवू नये.

पैसे देऊन घ्यायचं तर स्नॅगिट जुनं आणि भक्कम आहे, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. कियॉस्क चालवणाऱ्याला, संस्थेच्या कार्यालयाला किंवा शिकवणी घेणाऱ्याला रोज पाच-पन्नास चित्रं करावी लागत असतील तर ते परवडेल. घरासाठी त्याची गरज नाही.

विंडोज ७ची दुरुस्ती जानेवारी २०२०मध्ये थांबली, विंडोज १०ची १४ ऑक्टोबर २०२५ला. पुण्याहून किंवा इंदूरहून थोरल्या भावाने दिलेले जुने संगणक धार-देवासच्या घरांत पुष्कळ आहेत आणि त्यांतले कित्येक विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. अशा संगणकावर बँक आणि आधारची कामं करत राहण्यापेक्षा लिनक्स मिंट बसवणं शहाणपणाचं. तेव्हा लिनक्सचा भाग तुमच्यासाठीही आहे.

मॅक आणि लिनक्स

मॅकवाल्यांना फारसं शोधावं लागत नाही. टिपल्यावर कोपऱ्यात चित्राची छोटी प्रत दिसते, तिच्यावर टिचकी मारली की मार्कअप उघडतं: बाण, चौकट, मजकूर, सही. चौकटीला आतून काळा रंग भरला की झाकण तयार. प्रीव्ह्यूमध्ये भिंगाचं साधनही आहे. चित्राचा एखादा भाग तिथल्या तिथे गोलात मोठा करून दाखवतं. मोडी कागदांसाठी मला ते फार आवडतं. क्रमांकांची सोय हवी असेल तर शॉटर हे हलकं साधन बसवा. क्लीनशॉट एक्स विकत घ्यावं लागतं आणि ते सुरेख आहे, पण वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्या त्याच्याशिवायही पार पडतात.

लिनक्सवर आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर चांगलं साधनही बिघडलेलं वाटेल. जुन्या एक्स११ पद्धतीत कुठलाही प्रोग्रॅम अख्खा पडदा वाचू शकत असे. वेलँड या नव्या पद्धतीत तसं करता येत नाही. प्रोग्रॅमला परवानगी मागून, ठरलेल्या दारातूनच चित्र मिळतं. खाजगीपणासाठी हे उत्तम आहे, पण शटरसारखी एक्स११च्या काळातली साधनं त्यात अडखळतात. उबंटू आता वेलँडवर चालतं. लॉगिनच्या पडद्यावर एक्सऑर्ग, म्हणजे जुनी एक्स११ पद्धत, निवडायची सोय जुन्या आवृत्त्यांत होती, २५.१०पासून तीही गेली.

व्यवहारात याचा अर्थ असा. जुन्या संगणकावर लिनक्स मिंटचं सिनॅमन घेतलंत तर ते अजून एक्स११वर चालतं, आणि त्यावर फ्लेमशॉट बिनघोर बसवा. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे; पडद्यावरच, चित्र साठवायच्या आधीच बाण, क्रमांक, मजकूर, भरीव चौकट सगळं करता येतं. उबंटूवर टिपण्याची स्वतःची खिडकी २०२२च्या ग्नोम ४२पासून आली आणि ती सुबक आहे, पण खुणा करण्याची सोय तिच्यात दिलेली नव्हती. तिथे तिनेच टिपा आणि चित्र केस्निप या साधनात उघडून खुणा करा. टिपणं आणि खूण करणं वेगळं ठेवलं की वेलँडची अडचणच उरत नाही. केडीई डेस्कटॉप असेल तर त्यातल्या स्पेक्टॅकलमध्ये दोन्ही कामं आहेत, दुसरं काही शोधू नका.

घरात तीन तऱ्हेचे संगणक असतील, म्हणजे मुलाचा मॅक, आईचं विंडोज आणि धाकट्याचं लिनक्स, तर फ्लेमशॉट आणि केस्निप या तिन्हींवर मिळतात. सगळ्यांनी एकच साधन वापरलं तर "ते गोल आकड्याचं बटण दाब" हे वाक्य सगळ्यांना एकाच अर्थाने कळतं. दूरवरून शिकवायचं असेल तेव्हा ही एकवाक्यता सोयींच्या लांब यादीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मराठी उमटतं का?

साधन पसंत करण्याआधी त्याच्या मजकुराच्या खिडकीत हे शब्द टंकून पाहा: सातबाऱ्यावर, राष्ट्र, मृत्युपत्र, कृष्णाजी, तऱ्हा. जोडाक्षरं फुटत असतील, ऱ्याचा आडवा र तुटत असेल, वेलांटी चुकीच्या बाजूला जात असेल, तर आधी फाँट बदला. विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल, मॅकवर कोहिनूर देवनागरी, लिनक्सवर नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित. तरीही फुटत असेल तर ते साधन आपल्या कामाचं नाही. काही वेळा उमटणं ठीक असतं पण टंकणंच त्या खिडकीत चालत नाही. मग दुसरीकडे टंकून चिकटवून पाहा.

मध्य प्रदेशातल्या कार्यालयांत आणि टायपिंगच्या वर्गांत कृतिदेव अजून पुष्कळ वापरला जातो. कृतिदेवमध्ये टंकलेलं या साधनांत चिकटवलं तर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग दिसतो. त्यात साधनाचा दोष नाही. कृतिदेव युनिकोड नाही. हात रेमिंग्टनला सरावलेला असेल तर युनिकोडवर चालणारी रेमिंग्टन गेल मांडणी घ्या, बोटांना नवं शिकावं लागत नाही. ज्यांना इंग्रजी कळांवरून मराठी लिहायचं आहे त्यांच्यासाठी विंडोज १०च्या २०१९च्या आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कळफलक विंडोजमध्येच आहे.

चित्रावर लिहिताना पोर्टलवरचा हिंदी शब्द जसाच्या तसा ठेवा आणि शेजारी मराठीत सांगा: "नामांतरण – हा आपला फेरफार". नुसतं मराठी लिहिलं तर आई पडद्यावर तो शब्द शोधत बसेल.

मोडीचे कागद

इथे मला सगळ्यांत जास्त आस्था आहे, कारण चुकीची खूण केलेल्या चित्रामुळे चांगला वाचणाराही फसतो.

पहिली गोष्ट आकाराची. फोनने काढलेला फोटो साधारण ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा असतो. घरातल्या बऱ्याच लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८. अख्खं पान पडद्यावर मावेल असं उघडून टिपलंत तर प्रत्येक बाजूने जेमतेम चौथा हिस्सा ठिपके उरतात. मोडीच्या गाठी आणि वळणं त्यातच हरवतात. आधी फोटो शंभर टक्के आकाराला आणा, मगच टिपा. किंवा स्क्रीनशॉट सोडून द्या आणि मूळ फोटोच ग्रीनशॉट, केस्निप किंवा प्रीव्ह्यूमध्ये उघडून त्याच्या प्रतीवर खूण करा. मोडीसाठी हाच मार्ग बरा.

दुसरी गोष्ट कापण्याची. मोडीत आधी ओळ आखून मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, शब्दांमध्ये अंतर सोडलेलं नसतं, वेलांटी-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. जो शब्द तुम्हाला लागलेला नाही तो कुठे सुरू होतो हेही तुम्हाला ठाऊक नसतं. म्हणून तेवढाच तुकडा कापून पाठवू नका. ती पूर्ण ओळ, वरच्या दोन ओळी आणि खालच्या दोन ओळी येऊ द्या. शिवाय पूर्ण पानाचं एक चित्र सोबत द्या, ज्यात वरचं 'श्री', मायना, तारखेतला 'छ' आणि शेवटचं मोर्तब दिसेल. वाचणारा त्यावरून काळ आणि हात ओळखतो, आणि मग अडलेला शब्द बऱ्याचदा आपोआप सुटतो.

तिसरी गोष्ट खुणेची. हायलायटर नको; फिकट शाई आणखी बुडते. अधोरेखही नको, ती खालच्या ओळीच्या आखलेल्या रेघेत मिसळते. पिवळट-तपकिरी कागदावर लाल रंग उठत नाही, निळा चांगला दिसतो. अक्षरांना न टेकणारी बारीक रेघेची चौकट काढा, आकडा समासात ठेवा आणि तिथून बाण न्या. म्हणूनच मोडीसाठी साधन निवडताना रेघेची जाडी बदलता येते का हे बघायचं. ओळींनाही आकडे द्या. धारमध्ये १९०३ साली मिळालेल्या, पारिजातमंजरी हे नाटक कोरलेल्या शिळेवर ८२ ओळी आहेत. अशा लेखाबद्दल अभ्यासक बोलतात ते ओळीचा आकडा सांगूनच. घरच्या पत्रालाही ही शिस्त लावली तर दोन गावांत बसलेली माणसं एकाच जागेवर बोलतात. मोडी अक्षर टंकून दाखवायचं असेल तर तेही शक्य आहे: २०१४पासून मोडी युनिकोडमध्ये आहे आणि नोटो सान्स मोडी फाँट मोफत मिळतो.

फाइलचं नाव मराठीतच द्या, पण पूर्ण द्या: गाव, पाती, गठ्ठा, पान, ओळ. देवासच्या कागदाला पाती लिहिणं विसरू नका. तुकोजी आणि जिवाजी पवारांपासून एकाच गावात दोन कारभार चालले, ते १९४८मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत. नुसतं 'देवास' लिहिलेल्या चित्रावरून वर्षभराने काहीच कळणार नाही. मूळ फोटोवर कधीही खूण करू नका; खूण नेहमी प्रतीवर.

पाठवताना आणि पाठवल्यावर

स्क्रीनशॉट पीएनजीमध्येच ठेवा. जेपीजीमध्ये अक्षरांच्या कडांना मळ धरतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर ते चित्र दाबून लहान करतं. २०२३पासून एचडीचा पर्याय आला तरी दाबणं पूर्ण थांबत नाही. अटॅचमेंटमधून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते. जशीच्या तशी पोचते म्हणूनच झाकलेलं आधी नीट तपासा. पाठवण्यापूर्वी ती फाइल बंद करून पुन्हा उघडा आणि मोठी करून बघा.

आता मागे उरलेल्या प्रतींचं. विंडोज ११चं स्निपिंग टूल टिपलेलं मूळ चित्र, तुम्ही न सांगताही, पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये साठवतं. तुम्ही झाकलेली प्रत पाठवता आणि न झाकलेली मूळ तिथे पडून राहते; तो फोल्डर वनड्राइव्हला जोडलेला असेल तर ती तिथेही जाते. साधनाच्या सेटिंगमध्ये मूळ चित्र आपोआप साठवण्याचा पर्याय बंद करता येतो, आई-वडिलांच्या संगणकावर तो बंदच ठेवा. मॅकवर चित्रं डेस्कटॉपवर साचतात. टिपताना कंट्रोलची कळही दाबली तर चित्र फक्त क्लिपबोर्डवर जातं, फाइल बनत नाही. कियॉस्कवर किंवा शेजाऱ्याच्या संगणकावर काम केलंत, तर उठण्यापूर्वी स्क्रीनशॉट्स, डाउनलोड्स आणि रिसायकल बिन ही तिन्ही ठिकाणं रिकामी करा. मग विंडोजची कळ आणि व्ही दाबा. क्लिपबोर्डचा इतिहास चालू असेल तर तुम्ही टिपलेली चित्रं तिथे रांगेने दिसतील. 'सगळं साफ करा'वर टिचकी मारून मगच व्हॉट्सअॅप वेबमधून बाहेर पडा.